पंक्तीचा न्याय की संघाचा?

सप्टेंबर २०२२ मध्ये समरकंदला शांघाय सहकार्य संघटनेची शिखर परिषद भरली आणि तिने २०२२-२३ या वर्षासाठी वाराणसीला संघटनेची पहिली ‘पर्यटन आणि सांस्कृतिक राजधानी’ म्हणून जाहीर केले. त्याच परिषदेत इराणने सदस्यत्वाच्या जबाबदाऱ्या मान्य करणाऱ्या ज्ञापनावर सही केली आणि बेलारूसला आत घेण्याची प्रक्रिया सुरू झाली. त्याच दिवसांत किरगिझस्तान आणि ताजिकिस्तान या दोन संस्थापक सदस्यांचे सैनिक सीमेवर एकमेकांवर गोळ्या झाडत होते. संस्कृतीचा गौरव, नव्या सभासदांचे स्वागत आणि जुन्या सभासदांची लढाई या तीन गोष्टी एकाच आठवड्यात घडल्या. राष्ट्रांचा प्रादेशिक संघ वाढवायचा तर कोणाला आत घ्यायचे, ते कोणत्या कसोटीवर, आणि वाढल्यावर तो संघ एक राहतो म्हणजे नेमके काय होते, हे प्रश्न त्यातूनच पुढे येतात. ते ब्रुसेल्सला विचारले जातात, जकार्ताला विचारले जातात. पण त्यांची चर्चा काशीत करायला एक खास कारण आहे. आत कोणाला घ्यायचे, या प्रश्नाची दोन अगदी वेगळी उत्तरे या शहराने आणि त्याच्या शेजारच्या सारनाथने फार पूर्वी दिलेली आहेत. वादाची रीतही इथलीच घेऊ: आधी पूर्वपक्ष, तोही जमेल तितका भक्कम करून, मग उत्तरपक्ष, शेवटी सिद्धान्त. बोलणारे दोघे व्यक्ती नाहीत, भूमिका आहेत.

पूर्वपक्ष : दार उघडे ठेवावे, असे माझे म्हणणे आहे, आणि ते भाबडेपणाने नाही. आपण ज्याला ‘प्रदेश’ म्हणतो तो नकाशावर आखण्याआधी माणसांनी चालून तयार केलेला असतो. सातव्या शतकात ह्युएन त्संग चीनमधून निघाला, आजच्या किरगिझस्तानातल्या इसिक कुल सरोवरावरून आणि समरकंदवरून उतरत भारतात आला आणि सारनाथला पोचला. आजच्या संघटनेचे निदान चार सदस्य देश त्या एका वाटेवर आहेत. शेख अली हजीं हा इस्फहानचा फारसी कवी; त्याची कबर बनारसच्या फातमानमध्ये आहे. दारा शुकोहने उपनिषदांचा फारसी अनुवाद १६५७ मध्ये पुरा केला तो बनारसच्या पंडितांना हाताशी धरून. नेपाळचा राजा रणबहादुर शाह परागंदा झाला तेव्हा इथेच राहिला. ललिता घाटावरचे नेपाळी मंदिर त्याची साक्ष आहे. नेपाळी राष्ट्रीय काँग्रेसची जुळवाजुळव १९४६ मध्ये झाली तीही बनारसलाच. सारनाथला श्रीलंका, म्यानमार, थायलंड, जपान, चीन, तिबेट या सगळ्यांचे विहार आहेत. ज्या शहरात एवढे देश शतकानुशतके राहून गेले, त्या शहराच्या नावाने कोणी संघ वाढवत असेल तर त्यात नवे काही नाही. जे होतेच त्याला सहीशिक्का मिळतो आहे. जे एकमेकांच्या संस्कृतीत आधीच आहेत त्यांनी एका संघात असावे, हे साधे तत्त्व आहे. आणि व्यवहारही तेच सांगतो: बाहेर ठेवलेला शेजारी दुसरा गट शोधतो.

उत्तरपक्ष : आपण दिलेला एकही दाखला मी खोडणार नाही. माझी अडचण वेगळी आहे. एवढे दाखले देता येतात हीच या युक्तिवादाची कमजोरी आहे. नाते सिद्ध करायचे ठरवले तर काशीशी कोणाचे नाते सिद्ध होणार नाही? जी कसोटी सगळ्यांना आत घेऊ शकते ती कोणाला घ्यावे हे सांगू शकत नाही. २०२४ च्या जुलैत अस्ताना परिषदेत बेलारूस दहावा सदस्य झाला. शांघायच्या नावाने सुरू झालेली आणि मध्य आशियाच्या सीमांवर उभी राहिलेली संघटना पोलंडच्या वेशीपर्यंत गेली, ती कोणत्या सांस्कृतिक नात्याने? युरोपातही हेच दिसते. मोरोक्कोने १९८७ मध्ये युरोपीय समुदायात प्रवेश मागितला, तेव्हा तो देश युरोपात नाही म्हणून त्याला नकार मिळाला. नकाशांच्या पुस्तकात आशियात दाखवला जाणारा सायप्रस मात्र २००४ मध्ये युरोपीय संघात आला. ओळख म्हणून जे पुढे केले जाते ते बहुतेक वेळा राजकीय निर्णय झाल्यानंतर शोधलेले कारण असते. निर्णय अनुकूल असेल तर नाते सापडते, प्रतिकूल असेल तर तेच नाते पुरेसे ठरत नाही.

आणि ओळखीची कसोटी नुसती ढिली असती तरी चालले असते; ती घातकही होते. मॅसिडोनियाचे उदाहरण घ्या. ग्रीसने त्या देशाच्या नावावरच आक्षेप घेतला आणि वर्षानुवर्षे त्याची युरोपीय संघाकडची वाट अडवली. शेवटी २०१८ च्या प्रेस्पा करारानुसार देशाने स्वतःचे नाव बदलून ‘उत्तर मॅसिडोनिया’ करून घेतले. एवढे केल्यावर २०२० मध्ये बल्गेरियाने हात वर केला: तुमची भाषा आणि तुमचा इतिहास आमचा आहे हे आधी मान्य करा. एका लहान देशाने न्यायव्यवस्था सुधारली का, भ्रष्टाचार कमी केला का, हे प्रश्न बाजूला पडले आणि तो कोण आहे याचाच खल होत राहिला. ओळख ही दारावरची कसोटी केली की आधी आत बसलेला प्रत्येक जण आपला जुना हिशेब दाराशी आणून मांडतो.

काशीला हे नवे नाही. दारा शुकोहचा अनुवाद पुरा झाला त्याच १६५७ साली विश्वेश्वराच्या मुक्तिमंडपात पंडितांची सभा भरली. प्रश्न आपल्या कोकणातून आलेला होता: देवरुखे ब्राह्मणांना इतरांच्या पंक्तीत बसण्याचा अधिकार आहे की नाही? निर्णय करणाऱ्यांत जे दाक्षिणात्य पंडित होते, त्यांचीच घराणी काही पिढ्यांपूर्वी बाहेरून येऊन काशीत स्थिरावली होती; गागाभट्टांचे घराणे मूळचे पैठणचे. त्याच गागाभट्टांनी १६६४ मध्ये राजापूरला शेणव्यांच्या अधिकाराविषयी निर्णय दिला आणि १६७४ मध्ये रायगडावर शिवाजी महाराजांना राज्याभिषेक केला. त्या अभिषेकाआधीही क्षत्रियत्वाचा प्रश्न उभा केला गेलाच. ज्याने राज्य उभारले, चालवले, रयतेला अभय दिले, त्यालाही कुळाचा दाखला विचारला गेला. पंक्तीचा न्याय असा चालतो. तुम्ही काय करता, काय पाळता, याला त्यात जागा नाही. तुम्ही कोणाचे, एवढेच विचारले जाते.

पूर्वपक्ष : पण आपण सोयीचे तेवढेच सांगितलेत. मुक्तिमंडपातल्या सभेने देवरुख्यांच्या बाजूने निर्णय दिला. राजापूरचा निर्णयही शेणव्यांच्या बाजूने गेला. रायगडावर अभिषेक झाला. म्हणजे ओळखीचा विचार करणारी संस्थाही दार उघडू शकते, आणि एकदा उघडले की आत आलेल्याला जो मान मिळतो तो कोणत्याही करारपत्राने मिळत नाही. मला खरी भीती दुसऱ्या बाजूची आहे. ओळख बाजूला ठेवलीत तर उरते काय? कलमे, परिशिष्टे, जकातीचे दर. अशा संघासाठी कोणी त्याग करत नाही. ब्रिटन १९७३ मध्ये युरोपीय समुदायात गेले ते हिशेब करून, आणि २०१६ च्या जनमतात बाहेर पडायचे ठरवले तेव्हा तोट्याचे सगळे हिशेब समोर असूनही ‘आपण त्यांच्यातले नाही’ या एका भावनेने ते हिशेब मागे टाकले. ‘आपण’ ही भावना नसेल तर संघ सुगीचा सोबती असतो. अडचणीत एकमेकांचे कर्ज, निर्वासित, सैन्याचा खर्च कोण वाटून घेणार? करार माणसांना एकत्र बसवतो, एकत्र ठेवत नाही.

उत्तरपक्ष : ‘आपण’ ही भावना लागते, हे मला पूर्ण मान्य आहे. ती येते कुठून, एवढाच आपला मतभेद आहे. आपण म्हणता ती आधी असते आणि संघ तिच्यातून जन्मतो. इतिहास मला उलट दिसतो: एखादे अवघड बंधन दोघांनी मिळून पाळले की मागाहून ती भावना येते. शांघाय संघटनेचा स्वतःचा जन्म पाहा. १९९६ मध्ये चीन, रशिया, कझाकस्तान, किरगिझस्तान आणि ताजिकिस्तान शांघायला एकत्र आले ते संस्कृतीच्या ओढीने नव्हे. सोव्हिएत संघ कोसळल्यावर चीनच्या त्या लांबलचक सीमेवर कोणाचे किती सैन्य, कोठे, हा धास्तीचा विषय होता. १९९६ च्या कराराने लष्करी हालचालींची माहिती एकमेकांना देणे आणि १९९७ च्या मॉस्को कराराने सीमेजवळचे सैन्य घटवणे ही बंधने आली. ती पाळली गेली म्हणून विश्वास आला आणि त्या विश्वासावर २००१ मध्ये उझबेकिस्तानला घेऊन संघटना झाली. तिच्या अंगी जे बळ होते ते या बंधनाचे होते. आणि वाढताना नेमके तेच मागे राहिले. ९ जून २०१७ ला भारत आणि पाकिस्तान एकाच वेळी सदस्य झाले. पण सैन्य मागे घेण्याचे ते मूळ बंधन ना भारत-चीन सीमेला लागू झाले, ना भारत-पाकिस्तान सीमेला. त्यानंतर आठवडाभरात, १६ जूनला, डोकलामचा पेच सुरू झाला. तीन वर्षांनी गलवान. सदस्य वाढले, बंधन वाढले नाही.

इथेच मला सारनाथकडे वळावेसे वाटते. बुद्धाच्या संघाची सुरुवात तिथे पाच भिक्खूंनी झाली. मग वाराणसीच्या श्रेष्ठीचा मुलगा यश आला, त्याचे मित्र आले आणि थोड्याच काळात संख्या साठावर गेली. आरंभी बुद्ध स्वतःच प्रवेश देत. भिक्खू दूरदूर जाऊ लागले तेव्हा त्यांना त्रिशरण देऊन प्रवेश देण्याची मुभा मिळाली. संख्या आणखी वाढली तेव्हा तीही रीत बदलली: दहा भिक्खूंच्या सभेपुढे ठराव मांडायचा, तीनदा घोषणा करायची, कोणाचा आक्षेप नसेल तरच प्रवेश. संघ जसा रुंदावत गेला तशी प्रवेशाची रीत सैल झाली नाही, काटेकोर झाली. आणि येणाऱ्याला जे प्रश्न विचारले जात ते विनयपिटकात नोंदलेले आहेत. त्यात जात नाही, कूळ नाही, जनपद नाही. तू स्वतंत्र आहेस का? तुझ्यावर ऋण आहे का? तू राजाच्या नोकरीत आहेस का? आईवडिलांची संमती आहे का? भिक्षापात्र आणि चीवर आहे का? बिंबिसाराचे सैनिक सेवा सोडून संघात शिरू लागले तेव्हा राजाच्या तक्रारीवरून सैनिकांना प्रवेश बंद झाला. ऋणको धनकोंना चुकवायला येऊ लागले तेव्हा त्यांनाही. म्हणजे विचारणा अशी होती: तुझ्या अंगावर आधीची कोणती बंधने आहेत, जी तू आत घेऊन येशील आणि आमच्या गळ्यात बांधशील? मुक्तिमंडप आणि सारनाथ यांच्यात अंतर दहा-बारा किलोमीटरचे. पण पंक्तीचा न्याय आणि संघाचा न्याय यांतले अंतर फार मोठे आहे.

पूर्वपक्ष : दृष्टान्त देखणा आहे, पण तो लागू पडतो का? भिक्खू घर सोडून येतो. राष्ट्र काहीही सोडून येत नाही. ते आपले सैन्य, आपले कर्ज, आपले शत्रू सगळे घेऊनच येते. भारत रशियाकडून शस्त्रे घेतो, अमेरिकेशी लष्करी करार करतो. पाकिस्तानवर चीनचे कर्ज आहे. इराणवर निर्बंध आहेत. आपल्या सारनाथी प्रश्नांपुढे यातला एकही देश टिकणार नाही. शिवाय तो संघही फुटलाच. नाहीतर अशोकाला सारनाथच्या स्तंभावर संघभेद करणाऱ्यांविरुद्ध आज्ञा का कोरावी लागली? आणि आपण म्हणता तशी प्रतिज्ञा शांघाय संघटना घेतेच. भारताने २०१६ मध्ये ताश्कंदला जबाबदाऱ्यांच्या ज्ञापनावर सही केली, इराणने समरकंदला. कागद आहे, सही आहे. आता फायद्याचे पाहा. २०२३ च्या मे महिन्यात गोव्यात बाणावलीला परराष्ट्रमंत्र्यांची बैठक झाली, तेव्हा पाकिस्तानचे परराष्ट्रमंत्री भारतात आले. अन्यथा आले असते का? पहलगामच्या हल्ल्याचा निषेध २०२५ च्या तियानजिन घोषणापत्रात आला, ज्यावर चीन आणि पाकिस्तान दोघांचीही संमती होती. भांडणारे एका छपराखाली असले की निदान बोलावे लागते. एवढे साधण्यासाठीसुद्धा विस्तार हवा.

उत्तरपक्ष : बोलणे होते, हा लाभ मी नाकारत नाही. पण त्याची किंमत मोजून घेऊ. तियानजिनच्या घोषणापत्राआधी दोनच महिने, जून २०२५ मध्ये, चिंगदाओला संरक्षणमंत्र्यांची बैठक झाली. मसुद्यात पहलगामचा उल्लेख नव्हता म्हणून राजनाथ सिंह यांनी सही नाकारली आणि संयुक्त निवेदन निघालेच नाही. त्याच महिन्यात इस्रायलने इराणवर हल्ला केला, त्याच्या निषेधाचे निवेदन संघटनेने काढले आणि भारताने त्यापासून स्वतःला वेगळे केले. २०२३ मध्ये भारत अध्यक्ष असताना दिल्ली घोषणापत्रात चीनच्या पट्टा आणि मार्ग योजनेला पाठिंबा देणाऱ्या परिच्छेदात यजमान भारताचे नाव नव्हते. भारताची भूमिका प्रत्येक वेळी समजण्यासारखी होती. तरी तिन्ही प्रसंग एकच गोष्ट दाखवतात: ही संघटना आता निर्णय घेत नाही, मतभेदांची नोंद ठेवते. कारण साध्या गणितात आहे. सहा सदस्यांत देशांच्या जोड्या पंधरा होतात, दहा सदस्यांत पंचेचाळीस. सदस्य दुप्पटही झाले नाहीत, पण भांडू शकणाऱ्या जोड्या तिप्पट झाल्या. आणि सनदेप्रमाणे निर्णय एकमतानेच. म्हणजे पंचेचाळीसपैकी एका जोडीचे भांडण सगळ्यांचे काम थांबवू शकते. सार्कने हे आधीच भोगले आहे. सर्वसंमतीचा नियम, त्यात द्विपक्षीय वाद काढायचे नाहीत हा दुसरा नियम. २००७ मध्ये अफगाणिस्तानला आठवा सदस्य केले तेव्हा विस्ताराचे कौतुक झाले. आणि २०१४ च्या काठमांडूनंतर आजवर शिखर परिषदच झालेली नाही.

ज्ञापनावरची सही आहे, हे खरे. पण पुढे काय? किरगिझस्तान आणि ताजिकिस्तान संस्थापक. दोघांनीही २००७ च्या बिश्केकच्या सलोख्याच्या करारावर सही केलेली. समरकंदच्या आठवड्यात त्यांच्या लढाईत माणसे मेली आणि संघटनेपाशी त्यांना विचारण्याची काही रीत नव्हती. त्या दोघांनी मार्च २०२५ मध्ये सीमेचा करार केला तो आपसात बसून. बंधन लिहिलेले असणे वेगळे आणि ते मोडल्यावर काय होते हे ठरलेले असणे वेगळे. अशोकाच्या त्या आज्ञेविषयी आपण म्हणता की ती फुटीचा पुरावा आहे. मी ती जरा पुढे वाचतो. संघ फोडणाऱ्या भिक्खूला वा भिक्खुणीला पांढरी वस्त्रे नेसवून विहाराबाहेर राहायला लावावे: म्हणजे काय केल्यास काय होईल हे आधीच जाहीर आहे. आणि या आज्ञेची एक प्रत अधिकाऱ्यांकडे राहावी, दुसरी उपासकांकडे, आणि त्यांनी दर उपोसथाला, म्हणजे व्रताच्या दिवशी, ती ध्यानात घ्यावी. नियम ज्यांच्या आधारावर संस्था जगते त्या सामान्य गृहस्थांच्याही हातात दिला आहे. आज दहा देशांतल्या किती नागरिकांना ठाऊक आहे की त्यांच्या सरकारने या संघटनेत कशाला मान्यता दिली? तिच्या अधिकृत भाषाही रशियन आणि चिनी अशा दोनच. इंग्रजीची भारताची मागणी अजून मागणीच आहे.

राहिला राष्ट्रे काहीच सोडत नाहीत हा आक्षेप. सगळे सोडा असे कोणी म्हणत नाही. सारनाथच्या संघानेही देशकाल पाहून सवलती दिल्या. अवंती-दक्षिणापथासारख्या दूरच्या मुलखात दहा भिक्खू जमत नसत, म्हणून तिथे पाच पुरे झाले, मात्र त्यांत एक विनय जाणणारा हवा. रीत सैल केली, गाभा नाही. आग्नेय आशियाने आपल्या परीने हेच केले आहे. तिमोर-लेस्ते या चिमुकल्या देशाने २०११ मध्ये आसियानकडे अर्ज केला. भूगोलाने आणि नात्याने तो त्या प्रदेशातला होता यात शंका नव्हती. तरी २०२३ मध्ये त्याच्यासाठी पूर्वतयारीची यादी ठरली आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये क्वालालंपूरला तो अकरावा सदस्य झाला. चौदा वर्षे लागली ती त्याची ओळख तपासण्यात नव्हे, त्याची प्रशासकीय क्षमता उभी राहण्यात. उलट म्यानमारला १९९७ मध्ये घाईने घेतले, तेव्हा प्रदेश पूर्ण करण्याची हौस होती. २०२१ च्या लष्करी उठावानंतर आसियानने लष्करप्रमुखाला शिखर परिषदांपासून दूर ठेवले, पण त्याहून पुढे जाण्याचा मार्ग तिच्यापाशी नव्हता.

पूर्वपक्ष : शेवटचा प्रश्न विचारतो, आणि तो आपल्याला अडचणीचा आहे. एकमताच्या नियमाला आपण दोष देता. पण चिंगदाओला सही नाकारता आली ती त्याच नियमामुळे. पट्टा आणि मार्ग योजनेपासून अलग राहता आले तेही त्यामुळेच. उद्या बहुमताने निर्णय होऊ लागले तर या संघटनेत चीनच्या बाजूला किती आणि भारताच्या बाजूला किती, याचा हिशेब आपण केला आहे का? लहान देशांना तर एकमताचा नियम हीच ढाल आहे. युरोपातसुद्धा परराष्ट्र धोरणात आणि नव्या सदस्याच्या प्रवेशात सर्वसंमती लागतेच. ज्या नियमावर आपण स्वतः उभे आहोत त्याच्यावर टीका करणे सोपे आहे, तो सोडून देणे सोपे नाही.

सिद्धान्त : हा आक्षेप सर्वांत वजनदार आहे आणि त्याला बगल देऊन पुढे जाता येणार नाही. नकाराधिकार ही लहानांची ढाल आहे, हे खरे. पण प्रत्येकाला सगळ्याच विषयांवर नकार देता येत असेल तर ती ढाल राहत नाही. सगळ्यांची वाट अडवणारी भिंत होते. १९८६ च्या करारानंतर युरोपाने बाजारपेठेचे बहुतेक विषय बहुमतावर सोपवले आणि सैन्य, परराष्ट्र धोरण, कर हे विषय सर्वसंमतीवर ठेवले. त्या विभागणीमुळे आजवर संघ चालला. आणि जिथे ती केली नाही तिथेच तो अडला. हंगेरी २००४ मध्ये सगळ्या कसोट्या पार करून आत आला. पुढे कायद्याच्या राज्याविषयी त्याच्यावर २०१८ मध्ये कार्यवाही सुरू झाली, पण त्याचा मताधिकार काढायला इतर सर्वांचे एकमत लागते आणि ते होत नाही. कोपनहेगनला १९९३ मध्ये ठरलेल्या प्रवेशाच्या कसोट्या उत्तम होत्या. त्या दारापाशी संपत होत्या, ही त्यांची उणीव. त्याच कोपनहेगनमध्ये एक वाक्य असेही होते की नवे सदस्य सामावून घेण्याची संघाची स्वतःची क्षमताही पाहिली पाहिजे. विस्ताराच्या चर्चेत सगळ्यात कमी चर्चा या वाक्याची होते. अर्जदार लायक आहे का, हे सगळे विचारतात. आपण आणखी एकाला घेण्याइतके सुस्थितीत आहोत का, हे कोणी विचारत नाही.

म्हणून या वादाचा निर्णय मी असा करतो. पूर्वपक्षाचे म्हणणे एका मर्यादेपर्यंत खरे आहे. समान इतिहास, वाटा, ग्रंथ, यात्रा यांमुळे राष्ट्रांना एकमेकांत रस वाटतो, आणि रस वाटला नाही तर कोणी दारापर्यंतही येणार नाही. वाराणसीला सांस्कृतिक राजधानी म्हणण्याचा उपयोग तेवढा आहे आणि तेवढा पुरेसा आहे. पण संस्कृती निमंत्रणासाठी योग्य, निवडीसाठी अयोग्य. निवड बंधनांवर व्हावी. नव्या देशाने कोणते ठोस, मोजता येईल असे बंधन स्वीकारले आहे? ते मोडले तर काय होईल हे त्याच्या प्रवेशाआधी ठरले आहे का? आणि ते बंधन व तो परिणाम सदस्य देशांच्या लोकांना ठाऊक आहे का? हे तीन प्रश्न पुरेसे आहेत. यातला एकही प्रश्न कोणाच्या वंशाचा, धर्माचा किंवा भूगोलाचा नाही, म्हणून तो कोणाचा अपमान करत नाही. तुर्कस्तानला १९९९ मध्ये उमेदवार केले, २००५ मध्ये वाटाघाटी सुरू केल्या आणि तो देश मुळात युरोपीय आहे का याची कुजबूज शेवटपर्यंत थांबली नाही. सुधारणा करणाऱ्या देशाला वाटू लागले की कितीही केले तरी उत्तर नाहीच असणार, तेव्हा सुधारणाही थांबल्या. बंधनाची कसोटी कठोर असते, पण ती पार करता येते. ओळखीची कसोटी पार करण्याचा रस्ताच नसतो.

आणि आत असलेल्यांसाठी या निर्णयाचा अर्थ बोचरा आहे, भारतासाठी विशेष. ज्या कसोटीवर आपण पुढच्या अर्जदाराला तोलू तिच्यावर आपणही तोलले जाऊ. सीमेवरच्या सैन्याविषयी १९९६-९७ चे करार नव्या सीमांनाही लागू करावेत, असा आग्रह शांघाय संघटनेत भारताने धरला, तर चीनला आणि पाकिस्तानला त्याला उत्तर द्यावे लागेल. पण लडाखपासून जम्मूपर्यंतच्या आपल्याही सैन्याच्या हालचाली त्याच नियमात येतील. व्यापार, वीज, रस्ते, पर्यटन यांसारखे विषय बहुमतावर सोपवावेत असे आपण म्हटले, तर कधीतरी आपल्याला नको असलेला निर्णय आपल्याला पाळावा लागेल. पाकिस्तानने २०१४ मध्ये सार्कचा मोटार वाहतूक करार अडवला तेव्हा आपण चिडलो. तो राग योग्य होता, पण त्यातून निघणारा नियम आपल्यालाही लागू होतो. हे मान्य नसेल तर विस्ताराला विरोध करावा, आणि तो उघडपणे करावा. सदस्य वाढू द्यायचे, सांस्कृतिक राजधान्या वाटायच्या आणि प्रत्येक निर्णयावर स्वतःचा नकार शिल्लक ठेवायचा, यातून संघ होत नाही. ज्या राष्ट्राला संघ हवा आहे त्याने दुसऱ्यांसाठी दार किती उघडायचे हे ठरवण्याआधी स्वतःच्या हातातला नकार कोणत्या विषयांपुरता ठेवायचा, हे जाहीर केले पाहिजे. विस्ताराचा अर्ज बाहेरचा देश करतो. त्याची पहिली परीक्षा आत बसलेल्यांची होते.